अस्तराचा पाचवा दिवस

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि कॉलेजात गेला म्हणून माणसाला लिहिता येतं असं काही नाही. त्यातून मी लिहायला बसलोय ते माझ्या वहिनीच्या गर्भाशयाच्या अस्तराबद्दल. मी डॉक्टर नाही, तिचा नवरा नाही. मी धाकटा दीर आहे, म्हणजे असा विषय निघाला की ज्यानं पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचं असतं तो. दोनतीनदा लिहायला घेतलं आणि वही मिटून टाकली. शेवटी वहिनीलाच विचारलं. ती म्हणाली, नावं घालू नका, बाकी सगळं घाला. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. आणि माफीही एवढीच. यापुढे मागणार नाही, कारण या सगळ्यात वहिनीनं माफी मागण्यासारखं काही केलेलं नव्हतं आणि तरी ती बरीच वर्षं मागत राहिली. आमच्या घराचा तो कोटा संपला.

मी शारजाला आलो तो २००८ चा पावसाळा, म्हणजे गावाकडचा पावसाळा. इथे नुसता घाम. अप्पा, म्हणजे माझे वडील, याच शहरात सोळा वर्षं शिंपीकाम करून गेले होते. आठ जणांच्या खोलीत राहिले, दोन वर्षांतून एकदा गावी यायचे. आजारी होऊन परतले आणि वर्षभरात वारले. मग दादा आला. तो दुबईत टॉवर क्रेन चालवायचा, आणि लग्न झाल्यावर वहिनीला घेऊन आला. तिला दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी मिळाली होती. दादाचं म्हणणं, आपल्यातला एक तरी कॉलेजात जाऊ दे. मला दुबईतल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीला घातलं. बायोटेक्नॉलॉजी म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिली सेमिस्टर संपायच्या आत मंदी आली. एका गुरुवारी दादाला वायरलेसवर खाली यायला सांगितलं. फोरमननं सगळ्यांना एका रांगेत उभं करून काय सांगितलं ते दादा एकाच शब्दात सांगतो : खलास. त्याचा डबा वर केबिनमध्येच राहिला. पुन्हा चढू दिलं नाही. पुढची दोन वर्षं ती क्रेन तशीच उभी होती, आणि बसमधून जाताना दादा मान वर करून बघायचा आणि म्हणायचा, माझी चवळीची उसळ आहे तिथे.

मी म्हटलं, मी परत जातो, काम बघतो. वहिनी म्हणाली, फी माझ्या पगारातून जाईल, तुम्ही अभ्यास करा. विषय तिथेच संपला. व्हिसा संपायच्या काही दिवस आधी दादाला खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर उचलायची क्रेन मिळाली, पगार बराच कमी. तिथेच कॅम्पमध्ये राहायचं, इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून गुरुवारी संध्याकाळी शारजाला यायचं, शनिवारी परत. आठवडाभर घरात वहिनी आणि मी, आणि वर्षातले तीन महिने व्हिजिट व्हिसावर आलेली आई.

त्यांना मूल होत नव्हतं. हे वाक्य मी आत्ता सरळ लिहितोय, पण घरात ते कधीच सरळ बोललं गेलं नाही. 'त्यांचं ते चाललंय' असं म्हणायचे. पुण्याच्या एका डॉक्टरांकडे उपचार झाले आणि तीन भ्रूण तयार झाले. त्या वेळी इथल्या कायद्यानं भ्रूण गोठवून ठेवता येत नसत, म्हणून ते पुण्यातच गोठवलेले होते. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की वहिनी जायची, एक भ्रूण गर्भाशयात सोडायचे, आणि दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी. दोन सुट्ट्यांत दोन गेले. दोन्ही वेळा ती परतली तेव्हा बॅगेत माझ्यासाठी बाकरवडी होती आणि दोन्ही वेळा ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते एकच होतं : 'सॉरी हं भाऊजी.' मला सॉरी कशाबद्दल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

एक भ्रूण उरला होता.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता शेवटचा सोडण्याआधी अस्तराची एक नवी तपासणी करून घेऊ. ती दुबईतही होत होती, आणि वहिनीला फेब्रुवारीत रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून इथेच करायची ठरली. आधी गोळ्या देऊन अस्तर वाढवायचं. मग एका ठरलेल्या सकाळपासून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या वड्या, सकाळ-संध्याकाळ, आतून ठेवायच्या. बरोबर पाच दिवस पूर्ण झाले की अस्तराचा लहानसा तुकडा काढून परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा. कागदावर टाइप केलेलं होतं : गुरुवारी सकाळी सुरुवात, मंगळवारी सकाळी क्लिनिक.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. घरातले इंग्रजी कागद मी वाचायचो. विजेचं बिल असो की गर्भाशय. लिहिलं होतं की नमुना घेतला तेव्हा अस्तर अजून भ्रूण घ्यायला तयार झालेलं नव्हतं, आणखी एका दिवसाचं प्रोजेस्टेरॉन लागेल. मी आईला शक्य तितकं सोपं करून सांगितलं. आईनं त्यातलं तिला हवं तेवढं घेतलं. त्या रविवारी गावी फोनवर ती मावशीला सांगत होती, 'पोराचं सगळं ठीक आहे गं. हिचं अस्तरच तयार होत नाही.' वहिनी शेजारी कणीक मळत होती. तिनं मळणं थांबवलं नाही.

पुण्याहून निरोप आला की सुट्टीत भ्रूण पाचऐवजी सहा दिवस पूर्ण झाल्यावर सोडू. सगळ्यांना बरं वाटलं. निदान काहीतरी सापडलं.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. प्रत्येकानं एका विषयावर सेमिनार द्यायचा होता. शिकवणाऱ्या बाईंनी यादी फिरवली, आणि तिच्यात खालून तिसरा विषय होता : भ्रूण रुजण्यासाठी गर्भाशयाचं अस्तर तयार असल्याच्या रेण्वीय खुणा. मुलांनी तो गाळून पुढे ढकलला होता. मी त्याच्यापुढे माझा रोल नंबर लिहिला. मागून एक जण हिंदीत म्हणाला, 'भाई, पहले शादी तो कर ले.' सगळे हसले, मीही हसलो. घरी पोचेपर्यंत, म्हणजे जाममध्ये दीड तास, माझे कान गरम होते. पण नंबर मी खोडला नाही.

वाचायला लागलो तेव्हा कळलं की अस्तर ही नुसती पडून असलेली गादी नाही. ते दर महिन्याला नव्यानं उभं राहतं आणि त्यातले फार थोडे दिवस असे असतात की भ्रूण आला तर ते त्याला धरून ठेवतं. त्याच्या आधी आला तर दार बंद, नंतर आला तरी बंद. आणि ही वेळ प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यापासून मोजायची. त्या दिवसांत पेशींच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाची प्रथिनं येतात, ज्यांना भ्रूण चिकटू शकतो. एलआयएफ नावाचा एक संदेश देणारा रेणू वाढतो. काही जनुकं चालू होतात, काही बंद होतात. जुन्या लोकांनी एकेक खूण तपासली, पण एकटी कुठलीच खूण पुरेशी भरवशाची निघेना. म्हणून नव्या तपासणीत शेकडो जनुकांची एकदम हजेरी घेतात आणि त्यावरून अस्तर कितव्या दिवशी आहे ते सांगतात. मला हे समजायला महिना लागला. पुस्तक समोर ठेवून मी डिक्शनरी उघडायचो आणि डिक्शनरीतला अर्थ कळावा म्हणून पुन्हा पुस्तक.

आमच्या घरात भिंतीवर मराठी कॅलेंडर असायचं. गावाहून येणारं कुणीतरी ते डिसेंबरात आणून द्यायचं. तिथी, सण, चंद्रोदय, आणि चौकटींत वहिनीच्या पेनाच्या खुणा : पाण्याचा कॅन आला, गॅस लावला, दादाची शनिवारची ड्यूटी. महिना संपला की पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूवर मी आकृत्या काढायचो. मार्चअखेर एका दुपारी सेमिनारची तालीम करायला मी फेब्रुवारीचं पान घेतलं आणि मागे लांब पट्टी काढली : दिवस शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. शेजारच्या रायगडच्या भाभींची नऊ वर्षांची मुलगी दही मागायला आली होती. ती वाकून बघत म्हणाली, 'अंकल, इज इट अ रेनबो?' मी म्हटलं, तसंच काहीसं. तिनं पान उचलून उलटं केलं, मागे काय आहे ते बघितलं, कंटाळली आणि दही घेऊन गेली.

पान उलटंच राहिलं. कॅलेंडरची बाजू वर. मी ते परत फिरवायला हात लावला तेव्हा मला त्या बारीक हिरव्या बरोबरच्या खुणा दिसल्या. एका चौकटीत दोन दोन. मला लगेच कळलं त्या कशाच्या आहेत, आणि आधी मी नजर काढून घेतली. ते बघणं माझं काम नव्हतं. मग पुन्हा बघितलं.

शुक्रवारी दोन. शनिवारी दोन. रविवारी दोन. सोमवारी दोन. मंगळवारी एक, आणि पुढे 'क्लिनिक'. त्याच्या आधीच्या गुरुवारच्या चौकटीत एकही नाही. तिथे संकष्टी छापलेली होती आणि चंद्रोदयाच्या वेळेभोवती लाल गोल होता.

मी माझ्या पट्टीवर बोट ठेवून मोजलं. चार दिवस. कितीही वेळा मोजले तरी चार.

वहिनी साडेचारला आली. चहा झाला, भेंडी पुसायला बसली. मी पान तिच्यासमोर ठेवलं.

'वहिनी, गुरुवारी खूण नाही.'

तिनं पानाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. 'संकष्टी होती.'

'मग औषध?'

'उपवासाच्या दिवशी तसलं आत ठेवून आरतीला कसं उभं राहायचं, आई म्हणाल्या उद्यापासून घे. मलाही पटलं, भाऊजी. उगाच त्यांच्यावर ढकलू नका. मुलासाठीच धरलेला उपवास होता तो.'

क्लिनिकमध्ये नर्सनं विचारलं होतं, गुरुवारी सुरू केलं ना? कागदावर आधीच गुरुवार टाइप केलेला होता. वहिनी हो म्हणाली होती. एका दिवसानं काय होतंय, असं तिला वाटलं. मला खात्री आहे, त्या वेळी मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

मी पान फिरवून तिला रंगीत पट्टी दाखवली. तुकडा पाचव्या दिवशी काढायचा होता, तो चौथ्या दिवशी निघाला. चौथ्या दिवशी अस्तर तयार नव्हतं, हे खरं आहे. पण चौथ्या दिवशी ते कुणाचंच तयार नसतं, निदान बहुतेकींचं. रिपोर्ट म्हणतो आणखी एक दिवस द्या. चारात एक मिळवला की पाच होतात. पुण्याचे डॉक्टर मात्र पाचात एक मिळवून सहा करतायत, कारण त्यांना गुरुवार माहीत नाही. आणि सहाव्या दिवशी दार कदाचित मिटलेलं असेल.

तिनं पट्टीवरून पाचपर्यंत बोट फिरवलं. भेंडीचं फडकं हातातच होतं.

'म्हणजे माझं अस्तर…'

'बरोबर चाललं होतं. एक दिवस आधी विचारलं त्याला.'

मला वाटलं तिला आनंद होईल. ती म्हणाली, 'कुणाला सांगू नका.'

का, असं मी विचारलं नाही, पण तिनंच सांगितलं. 'आत्ता म्हणतात हिचं अस्तर वाईट. तेवढं मी ऐकून घेते. उद्या म्हणतील अस्तर चांगलं होतं, हिनंच घालवलं.'

तिचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येईना, कारण लोक तेच म्हणाले असते. मी एवढंच म्हटलं की तू सांगितल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही, पण मी गप्पही बसणार नाही, तुला रोज विचारीन. आणि विचारलं. मंगळवारी तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. बुधवारी म्हणाली, तुमचा सेमिनार झाला का पाठ?

गुरुवारी दादा आला. जेवायला बसलो तेव्हा वहिनीनं वरणाचं पातेलं ठेवलं आणि त्याच्या शेजारी कॅलेंडरचं ते पान ठेवलं. खुणांची बाजू वर. मग जे घडलं होतं ते तिनं चार वाक्यांत सांगितलं, कुणाकडेही न बघता. आईचं नाव घेतलं नाही. आईनंच घेतलं.

'म्हणजे मी घालवलं म्हणा की सरळ.'

दादा मला म्हणाला, तू अजून पास व्हायचायस, पुण्याचे डॉक्टर वीस वर्षं हेच करतायत, त्यांना शिकवायला जाऊ नकोस. दादासमोर मी कधी उलट बोललो नव्हतो. त्याच्या पैशावर आलो होतो, वहिनीच्या पगारावर शिकत होतो. मी हातातला घास पानात ठेवला.

'वीस वर्षं करतायत,' मी म्हटलं, 'पण गुरुवारी आपल्या घरात काय झालं ते त्यांना कोण सांगणार?'

'आम्ही काय असे दिवस मोजून जन्माला घातली पोरं?' आई म्हणाली. 'चार काय नि पाच काय. यांचं सगळं पुस्तकातलं.'

दादाला हसू आलं, त्यानं ते पाण्याबरोबर गिळलं. मला मात्र राग आला होता, आणि रागात मला काहीतरी आठवलं. मी आईला विचारलं, अप्पा ब्लाउजला लावायचं अस्तर किती वेळ भिजत ठेवायचे?

'रात्रभर. हे काय मध्येच?'

'आणि गिऱ्हाईक घाईत असेल तर? तासाभरात काढायचे?'

'छे. हात लावायचे नाहीत. सकाळी पिळून, वाळवून, मग कातर. गिऱ्हाईक बोंबललं तरी चालेल.' आईला या विषयात कुणी शिकवलेलं चालत नाही, ती सांगतच गेली. 'नाहीतर पहिल्या धुण्याला आटतं ते. वरचं कापड ओढलं जातं, चुण्या पडतात. आणि लोक म्हणतात शिंप्यानं हलकं अस्तर वापरलं. कापडाचा काही दोष नसतो. त्याला नीट…'

ती तिथे थांबली. माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. वहिनी खाली बघून भात कालवत होती. आईनं उठून वहिनीच्या पानात तूप वाढलं. आधीच वाढलेलं होतं, त्यावर आणखी. मग बसता बसता म्हणाली, 'उद्या शुक्रवार. पुण्याला काही सुट्टी नसते. सकाळीच लाव फोन.'

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं त्या फोनभोवती बसलो. मी लावला, मला इंग्रजी येतं म्हणून. उचलणारी बाई मराठीच होती. मी सांगायला लागलो तर तिनं अडवलं. आपण पेशंटचे कोण? मी म्हटलं, दीर. मग ती म्हणाली, ही माहिती आम्ही पेशंटशीच बोलतो. मला तेव्हा अपमान वाटला. आता वाटतं तिचं बरोबर होतं.

वहिनीनं फोन घेतला. डॉक्टर लाइनवर येईपर्यंत ती उभी राहिली होती, ओढणी सारखी करून, जणू ते समोरच आहेत.

'डॉक्टर, औषध मी एक दिवस उशिरा सुरू केलं होतं. तपासणी चौथ्या दिवशी झाली, पाचव्या नाही. मी तेव्हा सांगितलं नाही, ती चूक माझी. पण माझ्या अस्तरात दोष आहे असं फाइलमध्ये लिहिलेलं असेल तर ते काढून टाका.'

मी तिला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलले. तिनं ऐकलं, दोनदा हो म्हणाली आणि फोन ठेवला. डॉक्टर म्हणाले होते की बरं झालं सांगितलंत. म्हणाले की दोष असा शब्द फाइलमध्ये कुठेच नाही. तो आमच्याच घरातला होता. आणि म्हणाले की खरं तर तपासणी पुन्हा करायला हवी. पण ते जमणार नसेल तर त्यांचं मत पाच दिवसांचं. खात्री मात्र देणार नाहीत. ठरवायचं वहिनीनं.

पुन्हा तपासणीला लागणारा वेळ आणि पैसा सुट्टीच्या आत जमत नव्हता. वहिनी म्हणाली, पाच. दादा म्हणाला, विचार कर. ती म्हणाली, केला.

पुढच्या आठवड्यात मी सेमिनार दिला. गर्भाशय हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मी तो शब्द पुन्हा उच्चारला. मग आणखी एकदा, गरज नसताना. शेवटी बाईंनी विचारलं, या खुणांवर किती विश्वास ठेवायचा? मी तयारी केलेलं उत्तर विसरलो. मी म्हटलं, खूण कुठल्या वेळी बघितली ते माहीत असेल तेवढाच. आणि ती वेळ प्रयोगशाळेला माहीत नसते, ती बाईला माहीत असते, तिला नीट विचारलं पाहिजे. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मार्क बेताचेच पडले.

जुलैत दादा आणि वहिनी पुण्याला गेले, आई गावाहून तिथे आली. मी शारजातच राहिलो, कारण एका डायग्नोस्टिक लॅबमध्ये मला काम मिळालं होतं, नमुन्यांवर लेबल लावायचं. मी कॅलेंडरवर खुणा करत होतो. सुरुवातीची सकाळ, मग पाच दिवस, मग भ्रूण सोडल्याचा दिवस, मग दोन आठवडे. रक्त तपासायचा दिवस आला तेव्हा मी फोन खिशात न ठेवता टेबलावर ठेवला. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिरानं फोन करून काय विचारायचं?

दादा एकटाच परतला. मी त्याला घ्यायला गेलो. टॅक्सीला पन्नास दिरहम पडले, त्यानं सवयीनं म्हटलं, सातशे रुपये गेले. वहिनी कशी आहे, मी विचारलं. बरी आहे म्हणाला. आणि? दादानं खिडकीबाहेर बघितलं. बघू, म्हणाला. इन्शाल्ला. त्याचा हा शब्द मला माहीत होता. साइट पुन्हा सुरू होणार का, असं त्या काळी विचारलं की तो असंच म्हणायचा.

सप्टेंबरात शाळा उघडली. वहिनी आली नाही. बिनपगारी रजा घेतल्याचं कळलं. त्या शाळेत तिनं आजवर अर्ध्या दिवसानंही रजा वाढवली नव्हती. मी दोन आणि दोन चार केले. आता तिला कुणाला तोंड दाखवायचं नसेल. आणि मग मला जी भीती वाटायला लागली ती अशी की कदाचित सहाच बरोबर होते. कदाचित काही बायकांचं अस्तर खरंच उशिरा तयार होतं, वहिनी त्यांतली होती, आणि मी एक सेमिनार वाचलेला पोरगा, रंगीत पट्टी काढून तिचा शेवटचा भ्रूण एक दिवस आधी सोडायला लावला. लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवताना मी प्रत्येक नाव तीनदा तपासायचो. मला कुणी काही म्हणालं नव्हतं. दादा गुरुवारी यायचा, जेवायचा, टीव्ही बघायचा. पट्टीचं पान मी शोधलं, फाडून टाकायला. मिळालं नाही.

तरी एक गोष्ट मी स्वतःशी मान्य करत नव्हतो. की गप्प बसायला हवं होतं. चुकलो असेन तर बोलून चुकलो. तिचं जे होतं ते तिला कळायला हवं होतं, आणि ते तिनं स्वतः सांगितलं, उभं राहून. हे मी रोज मनात म्हणायचो, रोज ते थोडं कमी पटायचं, तरी म्हणायचो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, पुण्याहून फोन आला. वहिनीचा नंबर.

'भाऊजी, तिसरा महिना भरायला अजून नऊ दिवस आहेत,' ती म्हणाली. हळू बोलत होती. 'तोवर कुणाला सांगायचं नाही म्हणून आईंनी शपथ घातलीय. तुमच्या दादांनाही घातलीय. मी मोडतेय.'

मी डब्याचं झाकण लावलं.

'ऐकताय ना?'

'हो.'

'कालच्या सोनोग्राफीतही ठोके दिसले. ती तुमची पट्टी मी इकडे आणलीय, सॉरी, न विचारता घेतली. उशीखाली ठेवते.' मग ती थांबली. 'सॉरी नाही. घेतली.'

मागून आईचा आवाज आला, कुणाशी बोलतेस गं एवढा वेळ?

'भाऊजींशी,' वहिनी म्हणाली, फोन तोंडाजवळून न हलवता, मला कान दूर धरावा लागेल इतक्या मोठ्यानं. 'सांगून झालंय, आई.'